दाभणाची पाच भोकं

आधी तो फोटो बघायला हवा, म्हणजे पुढचं सगळं नीट कळेल. तिच्या घरी बाहेरच्या खोलीत घड्याळाशेजारी टांगलाय, चौदा वर्षांपूर्वीचा. मधोमध ती, अंगात नवाकोरा काळा कोट, बाह्या पार बोटांपर्यंत आलेल्या, हातात वकिलीची सनद, आणि चेहऱ्यावर असं हसू की जणू सगळ्या जगाचा निकाल आत्ताच तिच्या बाजूनं लागलाय. डावीकडे आई. उजवीकडे बाबा, धापा टाकत पोचलेले, शर्टाचं एक टोक बाहेर, आणि हातात काय? फुलं नाहीत, भेट नाही. किल्ल्यांचा हा एवढा जुडगा!

त्या फोटोवरून घरात वर्षानुवर्षं हसणं चालू होतं. कोणी नवीन माणूस आलं की आई सुरूच व्हायची. "लोक लेकीसाठी गुच्छ आणतात, आमच्या यांनी कचेरीच्या किल्ल्या आणल्या." मग सगळे हसायचे, बाबाही हसायचे. हसायचे आणि उठून आत जायचे. आता हे उठून आत जाणं एवढं साधं, की चौदा वर्षांत कुणाच्या नजरेत आलं नाही. तिच्यासुद्धा नाही, आणि ती तर पोटापाण्यासाठी लोकांच्या तोंडाकडे बघत बसते.

बाबा म्हणजे शहराच्या कचेरीतले रेकॉर्डवाले. अडतीस वर्षं तळमजल्यावरच्या एका खोलीत. छताला टेकलेली रॅकं, एक शिडी, एक टेबल, आणि टेबलाच्या खणात एक दाभण. पोती शिवतात ना, ती जाडजूड सुई. कचेरीतली प्रत्येक वही बाबा स्वतः त्या दाभणानं शिवायचे. डाव्या कडेला पाच भोकं, पांढरा दोरा, शेवटी गाठ. पाचांतलं मधलं भोक केसभर आत. कारण ताण मधे येतो, तिथंच पान फाटतं. आणि खोलीतून कागद बाहेर गेला की दुसऱ्या एका वहीत नोंद: कोणी नेला, किती वाजता, सही. साहेब असो नाहीतर शिपाई. एकदा तर म्हणे सगळ्यात मोठ्या साहेबांना परत वर पाठवलं, का तर सही वाचता येत नव्हती!

शाळा सुटली की ती त्या खोलीत येऊन बसायची. शिडीच्या तिसऱ्या पायरीवर बसून बाबांचं डोकं खायची. बाबा म्हणाले, ही वही सतरा वर्षं जुनी आहे, की वरून आवाज, "कशावरून?" हा कागद खरा आहे. "कशावरून?" आज पाऊस येणार. "कशावरून?" शेवटी बाबांनी तिचं नावच कशावरून ठेवलं. घरात तेच चालतं, अजून.

आणि हीच कशावरून पुढे वकील झाली, म्हणजे सरकारी टेबलांच्या डोक्याला कायमचा ताप झाली. तिची पहिली केस काय होती, माहितीये? सरकारी दवाखान्याची लिफ्ट. सहा वर्षं बंद, पाच मजले, पेशंट खुर्चीत बसवून उचलून नेत होते. दर वेळी उत्तर एकच, दुरुस्ती चालू आहे. हिनं विचारलं, कशावरून? दुरुस्तीचा एक कागद दाखवा. कागद नव्हता. लिफ्ट चालू झाली, आणि पहिल्याच दिवशी ही बाई स्वतः त्यात पाऊण तास अडकली. बाहेर आली तेव्हा लिफ्टवाला म्हणाला, "बाई, तुम्हीच मागितली होती ना?"

त्यानंतर शाळेतली मुलींची दारं नसलेली स्वच्छतागृहं, मग गटारात उतरणाऱ्या माणसांचे मास्क, मग आणखी कितीतरी. जिंकली त्यापेक्षा हरली जास्त, पण हरली तरी समोरच्याला उत्तर द्यायला लावून हरली. तिची कामाची एकच रीत होती, आणि तिच्या ऑफिसात तिच्यासोबत बसणारा वकील त्यावरून तिला फार छळायचा. हा सोबती इतका उंच, की कोर्टात त्याला सगळे जिराफ म्हणतात. रीत अशी, की कोणाचंही प्रतिज्ञापत्र लिहिलं की त्या माणसाच्या घरी जाऊन, त्याच्यासमोर बसून, पहिल्या अक्षरापासून मोठ्यानं वाचून दाखवायचं. तो म्हणाला हे माझंच बोलणं, तरच सही. जिराफ म्हणायचा, "अगं, तू वकील आहेस की बातम्या वाचणारी?" ती म्हणायची, "शपथ त्याची आहे, शब्द माझे कसे चालतील?"

हे लक्षात ठेवा. पुढे हेच तिच्या अंगाशी येणार आहे.

तर झालं काय, मागच्या वर्षी सकाळी शाळेच्या वेळेला मोठ्या नाल्यावरचा पायपूल खचला. तिसरा खांब बसला आणि पुलाचा मधला तुकडा खाली. सात माणसं पडली. जीव सगळ्यांचे वाचले, पण एक शिंपीणताई होती, पुलाच्या तोंडाशीच तिचं शिवणकामाचं दुकान, तिचा उजवा हात कोपरापासून निकामी झाला. शिवणाऱ्या बाईचा उजवा हात. विचार करा.

शिंपीणताई तिच्या ऑफिसात आली ती हात गळ्यात बांधूनच, आणि खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाली, "वकीलबाई, भरपाईचं काय व्हायचं ते होईल, त्यासाठी माझा भाऊ हेलपाटे घालतोय. मला वेगळंच सांगायचंय. त्या खांबावर फुली होती."

"कसली फुली?"

"चुन्याची. चौदा वर्षं झाली. दोन माणसं आली, हातोडीनं खांब ठोकून बघितले. तिसऱ्यापाशी एक जण म्हणाला, पोकळ लागतोय, लिहून घ्या. आणि ही एवढी मोठी फुली मारली. मी दुकानातून बघत होते. आठ-दहा दिवसांनी बघते तर फुली पुसलेली. मला वाटलं, केला असेल दुरुस्त."

"हे तुम्ही कोणाला सांगितलंत?"

"सगळ्यांना सांगते. सगळे म्हणतात, ताई, पडताना डोक्याला मार लागलाय तुमच्या."

तिनं केस घेतली. मागणी काय केली, तर प्रत्येक पुलाच्या तोंडाशी पाटी लावा: कधी तपासला, कोणी तपासला, काय सापडलं, खाली नाव आणि सही. बास. लोकांना पुलावर पाय ठेवायच्या आधी वाचता आलं पाहिजे. पण त्यासाठी आधी हे दाखवायला हवं होतं, की कचेरीला माहीत होतं आणि तरी दडवलं गेलं. कचेरीनं काय केलं, तर चौदा वर्षांपूर्वीची तपासणीची वही सरळ कोर्टात आणून ठेवली. त्यात लिहिलेलं, तिसरा खांब: ठीक. खाली तेव्हाच्या धाकट्या इंजिनिअरची सही. ते धाकटे आता कचेरीतले मोठे साहेब झालेत. झालं! फुली शिंपीणताईच्या डोक्यात, आणि ठीक कागदावर. कोर्ट कशावर विश्वास ठेवणार?

पुढच्या तारखेला आठ दिवस होते. ती रविवारी दुपारी त्या वहीच्या झेरॉक्स घरच्या टेबलावर पसरून बसली होती, केस विस्कटलेले, चहा थंड झालेला. बाबा चष्मा शोधत तिथून चालले होते. वय बाहत्तर, चष्मा कपाळावरच होता.

जाता जाता त्यांची नजर वहीच्या पुठ्ठ्याच्या झेरॉक्सवर गेली, आणि ते थांबले.

"हे अक्षर माझं," बाबा म्हणाले.

"हो, तुमच्याच वेळची वही आहे. बसा ना."

बाबा बसले नाहीत. त्यांनी पुठ्ठ्याच्या कागदावर बोट ठेवलं. डाव्या कडेला झेरॉक्समध्ये काळे ठिपके उमटले होते. पाच बारीक. मधला केसभर आत. आणि त्यांच्या जोडीला दोन मोठे, गोल.

मग बाबांनी आतल्या पानाचा कागद उचलला. तिथं फक्त दोन. मोठे, गोल. बारीक एकही नाही.

आता ती काही मूर्ख नव्हती. शिडीच्या तिसऱ्या पायरीवर बसून तिनं हजार वह्या शिवताना बघितल्या होत्या. सात भोकांचा पुठ्ठा आणि दोन भोकांची पानं. म्हणजे पुठ्ठा जुना, आतली पानं नंतर घातलेली! ती खुर्चीवरून उठलीच. "बाबा! बाबा, तुम्ही हे काय दाखवलंत मला! अहो, सुटली केस!" आणि तिनं जिराफला लावायला फोन हातात घेतला.

"थांब," बाबा म्हणाले. "सुटली नाही. समोरचा म्हणेल, दोरा तुटला म्हणून मशीननं भोकं पाडून परत बांधली, खराब पानं फेअर करून घातली. मग?"

"मग बघू."

"बघू काय? कशावरून तसं नव्हतं, हे कोण सांगणार?"

तिनं फोन खाली ठेवला. बाबांचा आवाज काहीतरी वेगळा लागत होता.

"ती वही माझ्या खोलीतून गेली तेव्हा पाच भोकांची होती," ते म्हणाले. "आठ दिवसांनी परत आली तेव्हा दोन. मी हातात घेतली, बघितली, आणि रॅकवर ठेवून दिली."

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज चालला होता, तो थांबला.

"पण मग बाहेर गेल्याची नोंद असेल ना? तुमच्या वहीत?"

"नाही."

"बाबा, तुम्ही नोंद केली नाहीत?" तिच्या तोंडून हे असं निघालं, जणू कोणी सांगितलं, सूर्य आज सुट्टीवर आहे.

मग त्यांनी सांगितलं, तुटक तुटक. संध्याकाळ होती, खोलीला कुलूप लावत होते. धाकटे इंजिनिअर आले, एक वही द्या, उद्या सकाळी परत. बाबांनी कुलूप काढून वही दिली. नोंदीची वही आत कपाटात बंद झालेली, तेवढं कपाट उघडायला हवं होतं. उघडलं नाही. उद्या करू म्हणाले. दुसऱ्या दिवशी नोंद करायला बसले, तर आता तारीख कुठली घालायची? कालची घातली तर ती खोटी. आजची घातली तर तीही खोटी, कारण वही आज गेली नव्हती. अडतीस वर्षांत मागची तारीख घालून एक ओळ लिहिली नव्हती त्यांनी! पेन घेऊन बसून राहिले आणि शेवटी नोंदीची वही मिटून ठेवली. आता बघा हं, दुसरा कोणी असता तर त्यानं डोळे झाकून कालची तारीख टाकली असती आणि मोकळा झाला असता. बाबांच्या नेकीनंच बाबांचा घात केला. वही दोन भोकांनिशी परत आली तेव्हा ओरडायला हवं होतं, तर ओरडणार कोणत्या तोंडानं? पहिला प्रश्न तोच आला असता, तुमची नोंद कुठाय?

"त्यात काय बदललंय, ते मला माहीत नव्हतं गं," बाबा म्हणाले. "पूल वगैरे काही माहीत नव्हतं. पण बदललंय, एवढं कळलं होतं."

ती म्हणाली, "कुठल्या दिवशी?"

बाबांनी तारीख सांगितली.

तिनं लिहायला पेन उचललेलं, ते तसंच राहिलं. तिनं मान वर केली आणि घड्याळाच्या शेजारी बघितलं. काळा कोट. सनद. धापा टाकणारे बाबा, शर्टाचं टोक बाहेर, आणि हातात तो जुडगा. रोज संध्याकाळी दारावरच्या पहारेकऱ्याकडे जमा करायच्या किल्ल्या, त्या दिवशी घाईत हातातच राहिलेल्या.

"समारंभ सहाचा होता," बाबा हळूच म्हणाले. "बस चुकली असती."

आई दारात पदराला हात पुसत उभी होती, आणि त्या फोटोवर आयुष्यभर विनोद केलेली आई फोटोकडे बघायलासुद्धा तयार नव्हती.

पुढचे दोन दिवस तिनं काय केलं, सांगू? जे तिनं कधीच केलं नव्हतं. तिनं पळवाटा शोधल्या. जिराफला म्हणाली, आपण नुसती भोकं दाखवू. जिराफ म्हणाला, आणि ते म्हणाले दोरा तुटला, तर? ती म्हणाली, कोणीतरी कागदातला जाणकार आणू. जिराफ म्हणाला, तो कागद नवा की जुना सांगेल, पण दोन्ही चौदा वर्षं जुनेच आहेत. आणि मग जिराफनं त्याची ती लांब मान खाली घालून विचारलं, "तुझ्याकडे साक्षीदार आहे ना? मग तू नाही का म्हणतेयस?"

"तो साक्षीदार माझा बाप आहे."

"मग?"

"मग काय! त्या माणसाकडे आयुष्यात दुसरं आहे काय? अजून रस्त्यात भेटलं की जुने लोक सांगतात, यांच्या खोलीतून टाचणी हलली नाही. मी उभं करू त्यांना, आणि समोरच्याला सांगू, सोला यांना?"

घरी आली तर आई वाटच बघत होती. आईनं कपडे घडी करता करता, तिच्याकडे न बघता, एकच वाक्य टाकलं. "लोकांचे आईबाप बरे उभे करतेस."

"आई, तुला पण तेच हवंय?"

"मला काय हवंय ते राहू दे. ते दोन दिवस जेवले नाहीत धड. तुला वाटतंय तू त्यांना वाचवतेयस. चौदा वर्षं उठून आत जातायत ते. अजून किती आत जाऊ देणारेस?"

मग ती बाबांच्या खोलीत गेली. बाबा इस्त्रीचा शर्ट पलंगावर काढून ठेवून बसले होते, जणू साक्ष आजच आहे.

तिनं प्रतिज्ञापत्र लिहिलं. आणि रीतीप्रमाणे त्यांच्यासमोर स्टुलावर बसून वाचायला घेतलं. शंभर लोकांसमोर वाचलं असेल तिनं, आवाज कधी हलला नव्हता. "मी, खाली सही करणारा, शपथेवर सांगतो की..." इथपर्यंत ठीक. मग ती त्या ओळीवर आली. "कामाच्या गडबडीत सदर वहीची नोंद करायची राहून गेली असावी."

"मी असं बोललो नाही," बाबा म्हणाले.

"बाबा, अर्थ तोच आहे."

"राहून गेली नाही. मी केली नाही. आणि 'असावी' काढ. मला पक्कं माहीत आहे, मग असावी कसली?"

तिनं खोडलं. वरच्या बाजूला लिहिलं, मी नोंद केली नाही. पुढे वाचलं. "वही परत आल्यावर भोकांमधला फरक माझ्या लक्षात आला नाही."

बाबांनी नुसतं तिच्याकडे बघितलं. ती लाल झाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिनं कोणाच्या तोंडात स्वतःचे शब्द घातले होते, आणि तेही खोटे, आणि तेही यांच्या! कागदच फाडला तिनं. नवा घेतला, आणि या वेळी बाबा बोलत गेले तसं लिहीत गेली. 'मी बघितलं, मला कळलं, मी गप्प बसलो.'

"कारण लिहू?" तिनं विचारलं. "त्या दिवशी का घाई होती ते?"

"नको. ती सबब होईल. पुलावरून पडलेल्यांना माझ्या घाईचं काय करायचंय?"

"कोर्टात विचारलं तर?"

"विचारलं तर सांगावंच लागेल. शपथ आहे." मग ते म्हणाले, "बाळा, तू त्या दिवशी समोर बसू नकोस."

"मी प्रश्न विचारणार नाही, जिराफ विचारेल. स्वतःच्या बापाची साक्ष मी कशी घेणार? पण बसणार मी. मागच्या बाकावर."

बाबांनी सही केली. स्पष्ट, एकेक अक्षर सुटं. खाली त्याच दिवसाची तारीख.

कोर्टाचा दिवस. ती मागच्या बाकावर, कोट न घालता, आईच्या शेजारी. चौदा वर्षांत पहिल्यांदाच त्या खोलीत ती नुसती कोणाची तरी मुलगी म्हणून बसली होती, आणि तिला हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. पुढे दुसऱ्या बाकावर शिंपीणताई, सरळ ताठ.

जिराफनं बाबांकडून सगळं काढून घेतलं. मूळ वही आली. तिच्या आदल्या वर्षाची आली, पुढच्या वर्षाची आली. जजसाहेबांनी स्वतः एकेक वही उजेडाकडे धरून भोकं मोजली. पाच. पाच. आणि मधलीचा पुठ्ठा सात, पानं दोन. "मधलं भोक आत का आहे?" जजसाहेबांनी विचारलं. बाबा म्हणाले, "ताण तिथं येतो साहेब." जजसाहेबांनी मान डोलावली आणि तेही लिहून घेतलं.

मग समोरचे वकील उठले. गोड आवाज, हातात चष्मा.

"आजोबा, तुमची मुलगीच या केसची वकील आहे, बरोबर?"

"बरोबर."

"म्हणजे मुलीची केस बुडत होती, आणि चौदा वर्षांनी तुम्हाला अचानक भोकं आठवली!"

"अचानक नाही. रोज आठवत होती."

"वही बाहेर गेली याचा एक तरी कागद आहे तुमच्याकडे?"

"नाही. तोच माझा गुन्हा आहे."

"अडतीस वर्षं तुम्ही एकही नोंद चुकवली नाहीत म्हणता. मग नेमकी हीच कशी चुकली? असं काय होतं त्या दिवशी?"

जिराफ हरकत घ्यायला अर्धा उठला. बाबांनी त्याला हातानंच बस म्हटलं, जणू तो त्यांच्या कचेरीतला शिपाई. मग ते मागच्या बाकाकडे बघत नव्हते तरी तिला वाटलं, तिच्याशीच बोलतायत.

"त्या दिवशी संध्याकाळी सहाला माझ्या मुलीला सनद मिळणार होती. बस पाच वीसची होती."

"म्हणजे तेव्हा मुलीसाठी नियम मोडलात, आज मुलीसाठी इथं आलात. खरं ना?"

"अर्धं खरं," बाबा म्हणाले. "तेव्हा मुलीसाठी घाई केली. या वेळी तिनं मला दोन दिवस अडवलं. मी त्या बाईंसाठी आलोय." आणि त्यांनी शिंपीणताईकडे बोट दाखवलं. "त्यांनी फुली बघितली असं त्या सांगतात. मी फुली बघितली नाही. पण पानं बदलली गेली, ते मी बघितलंय."

समोरचे वकील चष्मा पुसायला लागले. आईनं तिचा हात धरला होता, इतका घट्ट की बोटं पांढरी पडली. आणि ती, जी कोर्टात कधी रडत नाही, जी पक्षकारांना सांगते, इथं रडू नका हो, वेळ जातो, ती खाली मान घालून आईच्या पदरात नाक पुसत होती.

बाहेर व्हरांड्यात बाबा एका बाकावर बसले होते. शिंपीणताई समोर आली तसे ते उठून उभे राहिले.

"बाई, मी तेव्हा बोललो असतो तर..."

"बसा काका, बसा." शिंपीणताई बसली नाही. "खोटं कशाला बोलू, राग आलाय मला. तुमचा पण. आज आहे, उद्यापण असेल."

"असू दे," बाबा म्हणाले.

"पण मला एक सांगा. लिहून घेतलं होतं ना कोणीतरी? मी वेडी नव्हते ना?"

"नव्हता," बाबा म्हणाले. "कोणी म्हणालं तर माझ्याकडे पाठवा."

शिंपीणताईनं डाव्या हातानं डोळे पुसले आणि म्हणाली, "वर्षभर सगळ्यांनी मला येड्यात काढलं हो, सख्ख्या भावानंसुद्धा." आणि मग बसली, बाबांच्या शेजारी, त्याच बाकावर.

निकाल लागायला आणखी चार महिने गेले. मोठ्या साहेबांची चौकशी सुरू झाली, ती अजून चालू आहे, अशा चौकश्या काय लगेच संपतात थोड्याच! पण पाट्या लागल्या. एकोणीस पुलांवर. पहिले काही दिवस लोक थांबून वाचायचे, आता चालता चालता नजर टाकतात. बाबांच्या नावाचं म्हणाल, तर ते गेलंच. जुन्या ओळखीचे दोन-तीन जण रस्ता बदलून जायला लागले. टाचणीचं आता कोणी बोलत नाही. बाबा म्हणतात, बरं झालं, टाचणी एकदा हललीच होती.

त्यानंतरच्या एका रविवारी दुपारी शिंपीणताई घरी आली, हातात निकालाची सुटी पानं. म्हणाली, "हे शिवून द्या. माझा हात चालत नाही, आणि पिना मारलेलं मला आवडत नाही."

बाबांनी दाभण काढलं. दोरा ओवायला गेले तर चष्मा असून दिसेना. शिंपीणताईनं दाभण गुडघ्यांत धरलं आणि डाव्या हातानं एका फटक्यात ओवलं. मग ती पानं दाबून धरायला लागली, बाबा भोकं पाडायला लागले, आणि भांडण सुरू!

"काका, तिरकं चाललंय."

"तिरकं नाही, ते आतच असतं."

"अहो पण एवढं आत? मी कापड असं शिवलं असतं तर गिऱ्हाईकानं तोंडावर मारलं असतं."

"कापड वेगळं, कागद वेगळा. ताण मधे येतो."

"कशावरून?" शिंपीणताई म्हणाली, आणि आतून चहा घेऊन येणारी वकीलबाई इतकी हसली की बशीत चहा सांडला.

तेवढ्यात शिंपीणताईची नजर भिंतीवर गेली. "या तुम्हीच ना वकीलबाई? काय बारीक होता हो! आणि काकांच्या हातात हे काय? किल्ल्या?"

आईनं सवयीनं तोंड उघडलं आणि मिटलं. वकीलबाई चहाचा ट्रे धरून तशीच उभी. तिनं बाबांकडे बघितलं. आता उठतील. आता आत जातील.

बाबांनी मधल्या भोकातून दोरा ओढून घेतला, ताणून बघितला.

"बस पाच वीसची होती," ते म्हणाले. "आणि मी कुलूप लावत होतो. पान दाबून धरा जरा, सांगतो."